जुन्या जीपचे पाटे: ठेवावे की बदलावे

जुन्या विलीज जीपचा जीर्णोद्धार हाती घेतलेल्या गृहस्थास चारही चाकांवरचे बसलेले पाटे दिसताच ते भंगारात काढण्याचा मोह होतो. परंतु कमान उतरली म्हणजे पाट्याचा ताठपणाही गेला हा समज निराधार आहे, कारण ताठपणा पोलादाच्या अंगभूत गुणावर व पानांच्या मापांवर अवलंबून असतो, आणि तो जाडीच्या घनप्रमाणात बदलत असल्यामुळे गंजाने जाडी एकदशांश घटली की चतुर्थांशाहून अधिक ताठपणा नाहीसा होतो. नुसती उतरलेली कमान जाणता कारागीर थंड अवस्थेतच ठोकून चढवतो. गॅसच्या ज्योतीवर तापवणाऱ्याच्या हवाली मात्र पाटा करू नये, पोलादाचे पाणी उतरते.

खरा निवाडा तडा करतो. पाने सुटी करून रॉकेलमध्ये भिजवावीत, कोरडी पुसावीत व खडूची पूड फासावी: मधल्या बोल्टच्या भोकापाशी, किंवा खालच्या पानाचे टोक जिथे घासते तिथे, पांढऱ्यावर बारीक ओलसर रेघ उमटली, तर ते पान बेलाशक बाद करावे. खोल गंजखळगे पडलेल्या पानासही हाच न्याय. नवा पाटा घालणे भागच पडले, तर एका आसाचे दोन्ही बदलावेत. अन्यथा गाडी एका अंगास कलून चालते आणि दोष रस्त्याच्या माथी जातो, जो एरवी बहुधा रास्तच असतो.