चिप छापण्याआधीची झाडाझडती

डहाणू तालुक्यातल्या वाढवण बंदराचं भूमिपूजन 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरला झालं. त्याच कार्यक्रमात मासेमारी बोटींवर संदेशवहनाचे एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेलाही सुरुवात झाली. असल्या यंत्रातला प्रोसेसर भर समुद्रात चुकला, तर दुरुस्तीला कोण जाणार? प्रोग्राम मागाहून सुधारता येतो. सिलिकॉनवर उमटलेली चूक सहसा खोडता येत नाही.

असा प्रोसेसर आपल्याकडे घडवल्याचं जवळचं उदाहरण पवईच्या आयआयटीतलं. प्रा. माधव देसाई आणि सहकाऱ्यांनी घडवलेला ‘अजित’ प्रोसेसर 2019 मध्ये लोकांसमोर आला. आज्ञासंच स्पार्क व्ही-8, निर्मिती मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत, 180 नॅनोमीटर तंत्राने. ‘नाविक’ या भारतीय उपग्रह-दिशादर्शन प्रणालीच्या रिसीव्हरमध्ये तो वापरण्याचा ‘समीर’ संस्थेचा मनोदय तेव्हा जाहीर झाला होता.

अशा आराखड्याची तपासणी साक्षीदारांच्या उलटतपासणीसारखी चालते. एकच प्रोग्राम सी भाषेतल्या प्रतिरूपावर आणि हार्डवेअरच्या आराखड्यावर चालवायचा, प्रत्येक आज्ञेनंतर दोघांचे रजिस्टर ताडून पाहायचे. जिथे पहिल्यांदा जबाब फिरतो, तिथून मागे शोध. पण संगणकावरचं सिम्युलेशन फार संथ. म्हणून आराखडा एफपीजीए बोर्डावर, म्हणजे हवी तशी जोडणी करता येणाऱ्या चिपवर उतरवतात आणि त्यावर मोठे प्रोग्राम पळवतात. एवढं करूनही पहिल्या चिपा हाती आल्या की पुन्हा चाचणी असतेच. आता थेट आत डोकावता येत नाही. म्हणून चिपचं घड्याळ थांबवून, स्कॅन-साखळीत ओवलेल्या फ्लिप-फ्लॉपमधला, म्हणजे बिट साठवणाऱ्या घटकांमधला, एकेक बिट बाहेर ओढतात. इथे सापडलेल्या चुकीपायी चिप छापण्याचे साचे, म्हणजे मास्क, नव्याने करावे लागले, तर महिने आणि पैसा दोन्ही जातात.

ही झाडाझडती अपुरी पडली की काय होतं, ते इंटेलने 1994 मध्ये पाहिलं. पेंटियमच्या भागाकाराच्या कोष्टकातल्या पाच नोंदी राहून गेल्या होत्या. 41,95,835 ला 31,45,727 ने भागलं की उत्तर 1.33382 यायला हवं, यायचं 1.33374. एवढ्याशा या फरकाची किंमत होती 47.5 कोटी डॉलर.

चिप जाहीर होते त्या दिवशी टाळ्या वाजतात. तिच्यावर महिनोन्‌महिने शंका घेत बसलेल्यांची नावं कुणी विचारत नाही. पालघर-डहाणूकडून अभियांत्रिकीला जाणाऱ्या मुलांनी हे काम दुय्यम समजू नये. चिप छापायला अब्जावधींचा कारखाना लागतो. तिच्यातली चूक शोधायला शिकण्यासाठी एक एफपीजीए बोर्ड आणि शंकेखोर डोकं पुरतं.