फाडलेल्या कागदांचे पुढे काय?

ज्येष्ठांच्या कपाटात कागदांचा एक गठ्ठा हमखास असतो. आधारकार्डाच्या झेरॉक्स, बँकेची जुनी विवरणपत्रे, तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या पावत्या. ‘कधीतरी लागेल’ म्हणून जपलेले हे सारे एखाद्या दिवशी घर आवरताना सरसकट रद्दीत जाते. त्यावर नाव, पत्ता, खातेक्रमांक आणि आजाराचा उल्लेखही असतो. फोनवरून ही माहिती अचूक सांगणाऱ्या अनोळखी माणसावर चटकन विश्वास बसतो आणि फसवणुकीला वाट मिळते. म्हणून असे कागद फाडूनच टाकावेत.

तत्पूर्वी निवड करावी, आणि ती ज्यांचे कागद आहेत त्यांच्या शेजारी बसून करावी. घराची कागदपत्रे, विम्याच्या पॉलिसी, निवृत्तिवेतनाचा आदेश, रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड आणि शस्त्रक्रियेची टिपणे जपून ठेवावीत. ईसीजीच्या पट्ट्या बहुधा उष्णतेने छापल्या जाणाऱ्या गुळगुळीत कागदावर असतात. काही वर्षांत त्या पुसट होतात. त्यांची झेरॉक्स वेळीच काढावी.

उरलेले कागद फाडताना रद्दीचा एक नियम ध्यानात ठेवावा. अखंड वर्तमानपत्र रद्दीवाला आनंदाने नेतो, बारीक तुकडे सहसा नेत नाही. ते वाऱ्याने उडतात, वेगळे काढणे जिकिरीचे होते आणि कापल्याने कागदाचे तंतू आखूड होतात. आखूड तंतूंचा नवा कागद कमकुवत होतो. म्हणून खासगी मजकुराचेच कागद फाडावेत, बाकीचे अखंड द्यावेत.

नुसते फाडणेही पुरेसे नसते. १९७९ साली तेहरानमधील अमेरिकी दूतावासात यंत्राने कापलेल्या कागदांच्या पट्ट्या पुढे जुळवून वाचल्या गेल्या. तुकडे पाण्यात भिजवून कुसकरले, तर मात्र जुळवाजुळवीला काही उरत नाही. माहिती संपते आणि कागदाचा दुसरा उपयोग तेथूनच सुरू होतो.

पहिला उपयोग खताचा. भाजीपाल्याच्या ओल्या कचऱ्यात नत्र आणि पाणी अधिक. कागदात कर्ब भरपूर. खत उत्तम होण्यासाठी एक भाग नत्रास साधारण २५ ते ३० भाग कर्ब लागतो. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर साध्या कागदाचे मूठ-दोन मूठ कोरडे तुकडे पसरले, तर जादा ओल शोषली जाते आणि दुर्गंधी कमी होते. आठवड्यातून एकदा ते सारे खालीवर करावे. चकचकीत, प्लास्टिकचा मुलामा असलेले कागद आणि एटीएमच्या पावत्या मात्र खतात घालू नयेत.

दुसरा उपयोग आपल्या आजीपणजींना ठाऊक होता. कागद रात्रभर भिजवून, भिजवलेल्या मेथ्यांसह वाटून लगदा करायचा आणि उपड्या भांड्यावर कापड घालून त्यावर थापायचा. कडक उन्हात वाळला की हलकी, टिकाऊ टोपली तयार होते. मेथीमुळे लगदा चिकटून राहतो. चष्मा, किल्ल्या, औषधांची पाकिटे ठेवण्यास ती उत्तम. छापील शाईमुळे खाद्यपदार्थ मात्र तिच्यात ठेवू नयेत.

हे काम ज्येष्ठांच्या हातांनाही मानवते. कागद फाडणे, लगदा मळणे यांत बोटांची सहज हालचाल होते. विस्मरण असलेल्या व्यक्तीलाही त्यात शांतपणे गुंतता येते. तथापि, ती तुकडे तोंडात घालत नाही ना, याकडे लक्ष असावे. स्टेपलच्या पिना आधी पकडीने काढाव्यात. मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झालेल्यांना आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना पिन टोचल्यास त्रास होऊ शकतो. दमेकऱ्यांनी खत खालीवर करणे इतरांवर सोपवावे. सांधे सुजलेले असतील तर हातांना विश्रांती द्यावी. कापणारे यंत्र वापरताना पदर, ओढणी व बोटे दूर असावीत.

आठवड्यातून एकदा अर्धा तास आणि एक लहान ढीग पुरे. कोणता कागद ठेवायचा व कोणता फाडायचा, हा अखेरचा शब्द मात्र ज्येष्ठांचाच असू द्यावा. त्या गठ्ठ्यात त्यांचे आयुष्य नोंदलेले असते.