अंधारात भरणारा खाऊ

भुईमुगाचं फूल वर फुलतं आणि शेंग जमिनीखाली धरते, हे आपण सगळेच शाळेत शिकलो. पण मधल्या काळात तिथे जे घडतं, ते शेतात गुडघे टेकून बघावं असं आहे. नखाएवढं पिवळंधमक फूल सकाळी उमलतं, बहुधा स्वतःच्याच परागकणांनी फळतं आणि त्याच दिवशी कोमेजतं. काही दिवसांनी त्याच्या बुडातून एक जांभळट दांडी निघते. तिला आरी म्हणतात. टोकाशी फळलेलं बीजांड आणि रोख थेट मातीकडे! दीडदोन इंच आत शिरली की ती आडवी वळते आणि मग शेंग फुगू लागते. उजेडात हे होतच नाही. जमीन गाठता आली नाही, तर आरी वरच सुकते.

खरं नवल याच्याही पुढे आहे. मुळांनी शोषलेलं कॅल्शियम पाण्याबरोबर पानांकडे चढतं, कारण पानांतून सतत बाष्प उडत असतं. मातीत दडलेल्या शेंगेतून बाष्प उडत नाही, त्यामुळे त्या प्रवाहातलं कॅल्शियम तिच्या वाट्याला जवळपास येतच नाही. मग ती ते टरफलातून, भोवतालच्या मातीतून, स्वतःच ओढून घेते. मुळांजवळ कितीही कॅल्शियम असो, शेंगेभोवतीच्या मातीत नसेल तर शेंगा पोचट राहतात. आऱ्या सुटताना पिकाला जिप्सम देतात ते यासाठी. खारे शेंगदाणे म्हणून आपण मूठभर तोंडात टाकतो, त्यातल्या प्रत्येक दाण्याच्या शेंगेने आपल्यापुरती माती चाखलेली असते!

अशा पिकाला भुसभुशीत माती हवी आणि त्यासाठी भरपूर नांगरट हवी, असं कुणालाही वाटेल. रायगड जिल्ह्यात नेरळजवळची भडसावळे कुटुंबाची सगुणा बाग मात्र वेगळी वाट दाखवते. चंद्रशेखर भडसावळे यांनी तिथे ‘सगुणा राइस टेक्निक’ म्हणजे एसआरटी ही पद्धत घडवली. गादीवाफे एकदाच करायचे. लोखंडी साच्याने खुणा पाडून भात टोकायचा. दरवर्षीची नांगरणी, चिखलणी आणि लावणी, तिन्हींना फाटा. कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची आणि त्याच वाफ्यांवर पुढे वाल, भुईमूग अशी पिकं घ्यायची.

कोकणातल्या खाचरांच्या दृष्टीने यातलं चिखलणी टाळणं मला सर्वांत मोलाचं वाटतं. चिखलणीत मातीची घडण मोडते, सुटे झालेले कण एकमेकांत घट्ट बसतात आणि पाणी आटलं की खाचर विटेसारखं टणक होतं. तिथे आरी शिरणार कशी?

मग न नांगरलेली माती मऊ कशी राहते? मुळं जागच्या जागी कुजतात आणि मागे बारीक नळ्या उरतात. त्यांतून हवा खेळते, पाणी मुरतं, पुढच्या पिकाची मुळं उतरतात. गांडुळं बिळं करतात. बुरशीचे धागे आणि जिवाणूंचे चिकट स्राव मातीचे कण बांधून ती रवाळ करतात. नांगराचा फाळ फिरला की हे सगळं बांधकाम ढासळतं, शिवाय मोकळी हवा लागून सेंद्रिय कर्ब झपाट्याने खर्ची पडतो. भुईमूग या जमिनीतून नुसता घेत नाही. त्याच्या मुळांवरची एखादी गाठ नखाने फोडा. ती आतून लालसर दिसली, तर आतले जिवाणू हवेतला नत्र बांधण्याच्या कामाला लागलेले आहेत. ती लाली आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच गोत्रातल्या द्रव्याची!

सगळंच सुटलेलं नाही. एसआरटीत तणनाशक वापरतात आणि त्यावर आक्षेप आहेत. ते मला रास्त वाटतात. शिवाय भुईमूग काढायचा म्हणजे उपटावाच लागतो, तेवढी माती हलतेच. तरी वर्षभर शेत खणत राहणं आणि काढणीपुरतं हलवणं यांत फार अंतर आहे.

तुमच्या शेतात किंवा परसात माती असेल, तर हे जरूर करून बघा. न खणलेल्या बांधावरचं एक आणि नेहमी नांगरलेल्या जागेतलं एक, अशी दोन सुकी ढेकळं पाण्याने भरलेल्या दोन काचेच्या पेल्यांत अलगद सोडा. जे ढेकूळ लगेच विरघळून पाणी गढूळ करील, त्याच्या जमिनीला यंदा मुळं आणि पालापाचोळा परत द्या.