'बरिअल राइट्स': शेवट आधीच माहीत असलेल्या कादंबरीवर बुक क्लबमध्ये इतका वाद का होतो?

12 जानेवारी 1830. उत्तर आइसलँडमधल्या थ्रिस्तापार नावाच्या टेकाडांवर दोन जणांचा कुऱ्हाडीने शिरच्छेद करण्यात आला. आधी फ्रिद्रिक सिगुर्दसन आणि त्याच्यानंतर अ‍ॅग्नेस मॅग्नुसडॉटिर. तेव्हापासून आजपर्यंत आइसलँडमध्ये कुणालाही मृत्युदंड दिला गेलेला नाही.

या अ‍ॅग्नेसवर ऑस्ट्रेलियन लेखिका हॅना केंट यांनी 'बरिअल राइट्स' ही कादंबरी लिहिली. ती 2013 मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनमधल्या बेलीज विमेन्स प्राइझच्या अंतिम यादीत पोहोचली. जगभरातल्या बुक क्लबमध्ये ही कादंबरी आजही चर्चेला घेतली जाते.

खरं तर यात गूढ असं फारसं नाही. अ‍ॅग्नेस मरणार हे पुस्तक उघडण्याआधीच ठाऊक असतं. मग एवढा वाद होतो तो कशावर?

(सूचना: पुढे कादंबरीचा शेवट उघड केला आहे.)

नेमकं काय घडलं होतं?

आइसलँड तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं. देशाची लोकसंख्या 50 हजारांच्या आसपास होती. 1828 च्या मार्च महिन्यात वात्न्सनेस द्वीपकल्पावरच्या इल्लुगास्तादिर या शेतघरात आग लागली. आत दोन मृतदेह सापडले. एक घरमालक नातान केटिलसन याचा आणि दुसरा त्याच्याकडे आलेल्या पेटूर योन्सन याचा. दोघांना आधी ठार मारून नंतर घर पेटवण्यात आलं होतं.

या प्रकरणात तिघांना दोषी ठरवलं गेलं. शेजारच्या शेतावरचा फ्रिद्रिक आणि नातानच्या घरी काम करणाऱ्या अ‍ॅग्नेस व सिग्रीदुर. फ्रिद्रिक आणि सिग्रीदुर यांनी तेव्हा विशीही गाठलेली नव्हती. अ‍ॅग्नेस मात्र तिशी ओलांडलेली होती. तिघांनाही मृत्युदंड झाला आणि कोपनहेगनच्या सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला. नंतर डेन्मार्कच्या राजाने सिग्रीदुरची शिक्षा कमी करून जन्मठेप केली. अ‍ॅग्नेस आणि फ्रिद्रिक यांना माफी मिळाली नाही.

शिरच्छेद करणारा माणूस होता गुद्मुंदुर केटिलसन, म्हणजे मारल्या गेलेल्या नातानचा सख्खा भाऊ. दोघांची मुंडकी रस्त्याच्या दिशेने खांबांवर लावण्यात आली आणि लवकरच ती तिथून गायब झाली. धडं तिथेच पुरली गेली, चर्चच्या दफनभूमीत त्यांना जागा मिळाली नाही. शंभर वर्षांहून अधिक काळ गेल्यावर, 1934 मध्ये, दोघांचे अवशेष काढून त्योर्न इथल्या चर्चच्या आवारात पुरण्यात आले. कादंबरीच्या नावाचा अर्थ 'दफनविधी' असा होतो, आणि तो का झोंबतो हे यावरून लक्षात येईल.

कादंबरी कुठून सुरू होते?

खुनापासून नाही. कादंबरी शिक्षा सुनावल्यानंतरच्या काळात सुरू होते.

अशा कैद्यांना दीर्घकाळ ठेवण्यासाठी त्या भागात तुरुंग नव्हता. त्यामुळे अ‍ॅग्नेसला मरेपर्यंत कोर्न्सा नावाच्या शेतावर, एका सरकारी कामगाराच्या कुटुंबात ठेवलं गेलं. नवरा-बायको, दोन मुली आणि त्यांच्या घरात खुनाची शिक्षा झालेली बाई. आइसलँडच्या जुन्या गवती मातीच्या घरांत 'बादस्तोवा' नावाची एकच मोठी खोली असायची. घरचे लोक आणि नोकरचाकर तिथेच झोपायचे, तिथेच सूत कातायचे आणि तिथेच जेवायचे. म्हणजे ज्या बाईची भीती वाटते, ती रात्री दोन हातांवरच्या पलंगावर झोपलेली. घरातली आई मार्ग्रेट सुरुवातीला तिच्या हाताजवळ सुरीही राहू नये याची काळजी घेते. पण कापणीच्या दिवसांत कामाला हात कमी पडतात, आणि अ‍ॅग्नेस कामाची आहे.

कादंबरीत दोन प्रकारचे आवाज आहेत. बाकीच्यांची गोष्ट तृतीयपुरुषी निवेदनातून येते आणि अ‍ॅग्नेस मात्र 'मी' म्हणून बोलते. प्रकरणांच्या सुरुवातीला सरकारी पत्रं, लिलावाच्या याद्या, साक्षी येतात. हा मजकूर मूळ कागदपत्रांवरून अनुवादित आणि रूपांतरित केल्याचं केंट यांनी सांगितलं आहे. त्या कागदांत अ‍ॅग्नेस ही एक गुन्हेगार आहे. कागद संपतो आणि पुढच्या पानावर तीच बाई तिला सहा वर्षांची असताना सोडून गेलेल्या आईबद्दल बोलू लागते.

केंट यांना ही गोष्ट कशी सापडली?

केंट शाळकरी वयात विद्यार्थी-देवाणघेवाण कार्यक्रमातून उत्तर आइसलँडमध्ये राहायला गेल्या होत्या. तिथे प्रवासात थ्रिस्तापारची टेकाडं दिसली आणि अ‍ॅग्नेसची गोष्ट कानावर आली. पुढे पीएच.डी.च्या अभ्यासाचा भाग म्हणून त्यांनी ही कादंबरी लिहिली.

जुन्या नोंदींत आणि लेखनात अ‍ॅग्नेस बहुतेक वेळा कट रचणारी, दुष्ट, चेटकीण वाटावी अशी बाई म्हणून येते. ती माणूस म्हणून कशी होती, याचा शोध घ्यावा असं केंट यांना वाटलं.

वाचकांचे गट कुठे फुटतात?

पहिली तक्रार सोपी असते: पुस्तक फार उदास आहे. थंडी, ओल, खोकला, बाळंतपणातले मृत्यू. एका प्रसंगात अ‍ॅग्नेसला सांभाळणारी बाई हिवाळ्यात बाळंत होताना मरते आणि जमीन गोठलेली असल्यामुळे तिला पुरता येत नाही. अनेकांना हे वाचवत नाही. त्यात आइसलँडची नावं जिभेवर बसत नाहीत. बरेच जण पहिल्या 50 पानांतच पुस्तक खाली ठेवतात.

जे पुढे वाचतात त्यांच्यात खरा वाद सुरू होतो, आणि तो साधारण तीन प्रश्नांभोवती फिरतो.

*पहिला प्रश्न: तिने खून केला का?* कादंबरीत याचं उत्तर अगदी शेवटाकडे मिळतं. फ्रिद्रिकने घाव घातल्यावर नातान मरणयातनेत पडलेला असतो आणि त्यातून त्याची सुटका व्हावी म्हणून अ‍ॅग्नेस सुरी चालवते. काही वाचकांना हा क्षण पटतो. काहींना वाटतं की लेखिकेने तिला फारच सांभाळून घेतलं. न्यायालयाने जिला खुनी म्हटलं, तिच्याच तोंडून आलेल्या गोष्टीवर विश्वास का ठेवायचा?

*दुसरा प्रश्न: खऱ्या माणसाच्या तोंडी काल्पनिक शब्द घालावेत का?* अ‍ॅग्नेस स्वतःची बाजू सांगायला उरलेली नाही, तशी नातान आणि पेटूरचीही नाही. कादंबरीतला नातान लोभी, बायकांशी खेळणारा आहे. त्याच्या बाजूने 'मी' म्हणून कुणीच बोलत नाही. ज्याचा खून झाला त्याच्यावर हा अन्याय नाही का, असं विचारणारे वाचक असतात आणि त्यांचा मुद्दा सहज उडवून लावता येत नाही.

इथे मार्गारेट अ‍ॅटवूड यांच्या 'एलियस ग्रेस' (1996) या कादंबरीची तुलना कामाला येते. तीही खऱ्या प्रकरणावर आधारित आहे. 1843 मध्ये कॅनडात घरमालक आणि त्याची घर सांभाळणारी बाई यांचा खून झाला. नोकराला फाशी झाली, ग्रेस मार्क्स या मोलकरणीची फाशी मात्र जन्मठेपेत बदलली गेली. ग्रेस दोषी होती का, हे अ‍ॅटवूड शेवटपर्यंत सांगत नाहीत. केंट उत्तर देतात. त्यामुळे 'एलियस ग्रेस'वर चर्चा करणारे वाचक कोड्यावर बोलतात, 'बरिअल राइट्स'वाले निकालावर.

*तिसरा प्रश्न: सिग्रीदुर वाचली, अ‍ॅग्नेस का नाही?* कादंबरीतली सिग्रीदुर तरुण, दिसायला गोड आणि जरा भोळी आहे. अ‍ॅग्नेस वयाने मोठी, वाचता येणारी, तोंडावर उत्तर देणारी. आपल्या हुशारीचीच आपल्याला शिक्षा मिळाली, असं तिला वाटतं. वर ती मोलकरीण, या शेतावरून त्या शेतावर कामाला जाणारी. तिच्या बाजूने शब्द टाकायला घर नाही, नातेवाईक नाहीत. ज्या बाईकडे बघून लोकांना कीव येते तिला दया मिळते आणि जी ताठ उभी राहते तिला मिळत नाही, हे वाचकांना ओळखीचं वाटतं. याच मुद्द्यावर गटातली गप्प बसलेली माणसं बोलू लागतात.

मग मूळ मुद्दा काय?

या तिन्ही प्रश्नांच्या तळाशी एकच प्रश्न आहे: एखाद्याबद्दल दया वाटायला तो माणूस निर्दोष असावाच लागतो का?

बहुतेक चर्चा 'ती निर्दोष होती की नाही' इथून सुरू होते, कारण ते सोयीचं असतं. निर्दोष असेल तर हळहळायचं, दोषी असेल तर पुस्तक मिटायचं. पण कोर्न्सामधली मार्ग्रेट या क्रमाने जात नाही. ती अ‍ॅग्नेससोबत गवत कापते, शेजारणीचं बाळंतपण अ‍ॅग्नेस कसं पार पाडते ते बघते, रात्री तिची गोष्ट ऐकते. माया आधीच लागलेली असते आणि खुनाचा तपशील त्यानंतर कळतो. तो कळल्यावरही माया जात नाही. आपण सोशल मीडियावर नेमकं उलट करतो. आधी मथळा, मग निकाल, आणि माणूस कोण होता हे कळेपर्यंत पुढचा विषय आलेला असतो.

भारतीय वाचकासाठी हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही, कारण आपल्याकडे फाशीची शिक्षा अजून कायद्यात आहे. 1980 च्या बचन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'दुर्मिळातील दुर्मिळ' हे तत्त्व मांडलं. त्यानुसार न्यायालयाने गुन्ह्यासोबत गुन्हेगाराची परिस्थितीही पाहायची असते. लहान मुलांचं अपहरण आणि हत्यांच्या प्रकरणात कोल्हापूरच्या गावित बहिणींना फाशी सुनावली गेली होती. जानेवारी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. या बहिणी निर्दोष आहेत असं न्यायालयाने म्हटलं नव्हतं. दयेच्या अर्जावर निर्णय द्यायला सरकारी यंत्रणेने सात वर्षांहून अधिक काळ लावला, हे त्यामागचं कारण होतं. तेव्हा अनेकांना राग आला होता. 'बरिअल राइट्स' वाचताना तो राग आणि अ‍ॅग्नेसबद्दल वाटणारी हळहळ शेजारी ठेवून बघणं अवघड जातं. पण चर्चा तिथेच खरी होते.

आज आइसलँड या प्रकरणाकडे कसं पाहतं?

आइसलँडने 1928 मध्ये मृत्युदंड कायद्यातून काढून टाकला. 2017 मध्ये तिथल्या कायद्याच्या जाणकारांनी हा खटला आजच्या नियमांनुसार प्रतीकात्मक पद्धतीने पुन्हा चालवला. त्यात अ‍ॅग्नेसला 14 वर्षांचा तुरुंगवास ठोठावण्यात आला.

म्हणजे आजच्या नजरेतही ती सुटली नाही. पण तिचा जीवही घेतला गेला नाही. ज्या कुऱ्हाडीने शिरच्छेद झाला, ती आइसलँडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

तुमच्या वाचनकट्ट्यावर घ्यायची असेल तर

पुस्तक भिशी किंवा वाचनगटात ही कादंबरी घेताना 'आवडली का?' या प्रश्नाने सुरुवात केली तर गाडी 'फार उदास आहे' इथेच अडकते. त्याऐवजी हे प्रश्न घेऊन बघता येतील:

- अ‍ॅग्नेसबद्दल तुमचं मत नेमकं कोणत्या पानावर बदललं? बदललं नसेल तर का?
- प्रकरणांच्या सुरुवातीची सरकारी पत्रं काढून टाकली असती तर काय हरवलं असतं?
- नातानची बाजू कुणी लिहिली असती तर तिची सुरुवात कुठून झाली असती?
- खुनाच्या रात्रीचा खुलासा केंट यांनी केलाच नसता, तर तुम्हाला अ‍ॅग्नेसबद्दल तितकीच हळहळ वाटली असती का?

शेवटच्या प्रश्नावर गटात एकमत झालं, तर प्रत्येकाला एकदा कारण विचारावं. बहुतेक वेळा तिथून चर्चा नव्याने सुरू होते.