पास नाही, पण गोल तिकीट आहे

परीक्षा संपत आल्या की आमच्या वाशीमकडे घरोघरी सहलीचे बेत सुरू होतात. यंदा डोंगरात जायचं, तंबूत राहायचं, असं मुलं म्हणतात. मग कुणीतरी जाणकार सांगतो, "रेल्वेचा पास काढून टाका, म्हणजे पाहिजे तिथं उतरता येईल." हा जाणकार बहुधा परदेशात जाऊन आलेल्याचा मेहुणा असतो. युरोपात १९५९ पासून युरेल पास आहे खरा. आपल्याकडे मात्र पास म्हणजे वाशीम-अकोला रोज अपडाऊन करणाऱ्याचा मासिक पास. तो १५० किलोमीटरपर्यंतच मिळतो. परदेशी पाहुण्यांसाठी आणि अनिवासी भारतीयांसाठी इंडरेल पास होता, तोही २०१७ मध्ये बंद झाला. आपल्यासारख्या घरांसाठी तो कधी नव्हताच.

पासच्या जवळ जाणारी एक गोष्ट मात्र आहे, आणि ती फार कमी लोकांना माहीत आहे. तिचं नाव सर्क्युलर जर्नी तिकीट, साध्या भाषेत गोल तिकीट. जिथून निघायचं तिथंच परत यायचं, पण जाताना एक वाट आणि येताना दुसरी. मध्ये जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येतं.

ते स्वस्त का पडतं, हे समजून घेण्यासारखं आहे. रेल्वेचं भाडं ठोक भावासारखं चालतं. अंतर वाढत जातं तसा दर किलोमीटरचा भाव उतरत जातो. आपण मात्र सवयीनं तुकडे पाडतो. अकोला ते नागपूर एक तिकीट, नागपूर ते आग्रा दुसरं, पुढे तिसरं, आणि प्रत्येक तुकड्याला किरकोळ भाव मोजतो. गोल तिकिटात सगळं अंतर एकत्र धरतात, त्याचे दोन समान भाग करतात आणि दोन लांब तिकिटांचे पैसे घेतात.

आमच्याच घरचा हिशेब सांगतो. माणसं सात : अम्मी, आम्ही दोघं, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. नातवंडांना डोंगर हवा, तंबू हवा. अम्मीला अजमेरला जायचं आहे. तिच्या तरुणपणी मीटरगेजवरची मीनाक्षी एक्सप्रेस वाशीमहून खंडवा, रतलाममार्गे थेट अजमेर-जयपूरला जायची. पुढे २००८ मध्ये अकोला-पूर्णा मार्ग ब्रॉडगेज झाला. सोय वाढली, पण ती थेट वाट गेली. दोन सहली आम्हाला परवडणार नव्हत्या, आणि पैसे कमी पडले की घरात राहायला अम्मी सगळ्यात आधी तयार होते. म्हणून मी नकाशा घेऊन बसलो.

आबूचा डोंगर नजरेत आला. अरवलीतलं सर्वांत उंच शिखर गुरुशिखर, १,७२२ मीटर, तिथंच आहे. खाली आबू रोड स्टेशन, तिथून वर रस्त्यानं २८ किलोमीटर. आता वर्तुळ बघा : अकोल्याहून नागपूर, इटारसी, भोपाळ, आग्रा, जयपूर, अजमेर, आबू रोड, आणि परतताना अहमदाबाद, सुरत, जळगाव, अकोला. ढोबळमानानं २,७०० किलोमीटर. म्हणजे भाडं १,३५० किलोमीटरच्या दोन तिकिटांचं. वाशीम ते अकोला साधं तिकीट वेगळं. मुदतीचा हिशेबही सोपा आहे : प्रवासासाठी दर ४०० किलोमीटरला एक दिवस, मुक्कामासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस. आमच्या वर्तुळाला सात आणि चौदा, एकूण एकवीस दिवस मिळतात. अजमेर आणि डोंगर एकाच तिकिटात बसले.

हे तिकीट मोबाइलवर दोन बटणं दाबून येत नाही. सगळी स्टेशनं क्रमानं कागदावर लिहायची आणि विभागीय वाणिज्य व्यवस्थापकाच्या कार्यालयात किंवा मोठ्या स्टेशनच्या व्यवस्थापकाकडे द्यायची. अकोल्यापासून निघणाऱ्यांचा विभाग भुसावळ. वाशीम स्टेशन मात्र नांदेड विभागात येतं, हे ध्यानात असू द्या. तिथं भाडं काढून कागद मिळतो, तो निघण्याच्या स्टेशनवर दाखवून तिकीट घ्यायचं. मग प्रत्येक टप्प्याचं आरक्षण वेगळं. आरक्षणाचा आणि सुपरफास्ट गाडीचा आकार दर टप्प्याला वेगळा पडतो. म्हणून फार टप्पे पाडले की ठोक भावाचा फायदा आकारातच जिरतो. आठ थांबे मिळतात म्हणून आठही घेऊ नयेत. तीन-चार पुरे.

तंबूच्या शिबिराची तारीख ठरलेली असते. तिथं पोचवणारा टप्पा आधी पक्का करावा, बाकीचे त्याच्या मागेपुढे बसवावेत. आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी व्हायचं. नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी होतं.

आणि माणसं नीट मोजा. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबली. तोवर स्त्रियांना ५० आणि पुरुषांना ४० टक्के सूट होती. जुन्या आठवणीवर अंदाज बांधला तर म्हाताऱ्या माणसाचं तिकीट एकदम जड वाटतं, आणि घरात नको ती चर्चा सुरू होते. मुलांचं असं : पाच वर्षांखाली वेगळा बर्थ नको असेल तर फुकट. पाच ते बारा वयाला बर्थ हवा तर २०१६ पासून पूर्ण भाडं, नको तर अर्धं. आमचा धाकटा चारचा आहे, तो आजीजवळ झोपेल.

सरळ जाऊन त्याच वाटेनं परत यायचं असेल, समजा शिमल्याला, तर वर्तुळाचा हट्ट धरू नये. तिथं एकच लांब तिकीट काढून मध्ये उतरण्याची सोय वापरावी. ५०० किलोमीटर झाल्याशिवाय उतरता येत नाही. तिकीट हजाराच्या वरचं असेल तर दोनदा उतरता येतं, दरवेळी दोन दिवस. राजधानी-शताब्दीला ही सोय नाही.

राहिलं सामान. स्लीपरला माणशी ४० किलो फुकट नेता येतं, त्यात तंबू, सतरंज्या, रजया आरामात बसतात. गॅसची टाकी आणि रॉकेल मात्र डब्यात नेण्यास मनाई आहे. चूल तिकडे पोचल्यावरच बघायची. अम्मीनं त्यासाठी तव्याशिवाय चालतील अशा दशम्या करायचं आत्ताच ठरवून टाकलं आहे.