कुरळ्या केसांसाठी वेगळं ॲप कशाला?

बंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये फुलांसाठी लोक आठव्या क्रॉसकडे वळतात. कन्नड लग्नघरांत लागणारी ‘मोग्गिन जडे’, म्हणजे कळ्यांनी मढवलेली नववधूची वेणी, पिढ्यान्‌पिढ्या टिकली, कारण ती जाणणारे हात शेजारीच असतात. अमेरिकेतल्या अनेक कृष्णवर्णीय स्त्रियांना हा शेजार सहज मिळत नाही. म्हणून त्यांच्या केशरचनांची छायाचित्रं एकमेकींना दाखवणारी ॲप्स मला गरजेची वाटतात. ही वेगळी चूल कशाला, सर्वांची माध्यमं आहेतच की, असा आक्षेप येतो. पण पिंटरेस्टसारख्या मोठ्या माध्यमालाही केसांच्या ठेवणीनुसार शोधायची सोय 2021 मध्ये मुद्दाम करावी लागली.

हा नुसता नट्टापट्टा आहे, असंही कुणी म्हणेल. मात्र नैसर्गिक केस आणि वेण्यांवरून शाळेत वा नोकरीत होणारा भेदभाव रोखायला कॅलिफोर्नियाला 2019 मध्ये कायदा करावा लागला. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य. शिवाय घट्ट वेटोळ्यांच्या केसांत टाळूचं तेल टोकापर्यंत सहज उतरत नाही. ते कोरडे पडतात, तुटतात. बारीक वेण्या त्यांना जपतात. त्याच वेण्या फार आवळल्या तर मुळं ओढली जाऊन केस गळतात. त्यामुळे नुसतं छायाचित्र पुरत नाही, त्याच्यासोबत निगाही सांगायला हवी. आपल्याकडेही कुरळ्या केसांच्या मुलीला अनेकदा स्ट्रेटनिंगच सुचवलं जातं. तिला पार्लरमध्ये नेण्याआधी तिच्यासारख्याच केसांच्या चार रचना जरूर दाखवा.