जुन्या ब्रिटिश मोटारीतील ब्रेक-ऑइल

१९४५ ते १९४९ या काळात इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे तयार झालेल्या एम. जी. टी. सी. या दोन आसनी मोटारीचे ब्रेक द्रवाच्या दाबावर चालतात. बोरघाट उतरताना ते वारंवार दाबावे लागतात आणि ड्रममधील उष्णता द्रवापर्यंत पोहोचते. द्रव उकळून त्याची वाफ झाली की वाफच दाबली जाते, व ब्रेक न लागता पेडल तळाशी जाते.

‘ब्रेक-ऑइल’ हे रूढ नाव फसवे आहे. प्रचलित द्रव ग्लायकॉलयुक्त असतो. खनिज तेलाने जुने नैसर्गिक रबराचे सील फुगून निकामी होतात. ग्लायकॉलचा दोष निराळा. तो हवेतील ओल शोषतो, मोटार उभी असतानाही. डॉट ४ प्रतीचा किमान उत्कलनबिंदू कोरड्या स्थितीत २३०° से., ओल शिरल्यावर अवघा १५५° से. मानला आहे. कळंबसारख्या पर्जन्यछायेतील गावी ही क्रिया मुंबईपेक्षा मंद चालेल, परंतु थांबणार नाही.

सिलिकोनचा डॉट ५ ओल शोषत नाही, रंगाचीही हानी करीत नाही. संग्राहकांना त्याचा मोह पडतो तो यामुळेच. तथापि आत शिरलेले पाणी त्यात न मिसळता सखल भागी साचते व तेथे गंज चढतो. शिवाय ग्लायकॉलशी त्याचे मिश्रण होत नाही. (डॉट ५.१ मात्र, नामसाम्य असूनही, ग्लायकॉलचाच.) घाटात प्रत्यक्ष चालणाऱ्या मोटारीस डॉट ४ अधिक योग्य, तो पावसाळा सरल्यावर संपूर्ण बदलावा, नुसती भर घालू नये.